विद्यापीठातील तज्ज्ञांचे जाहीर व्याख्यान कसे ठरवावे : बडोद्यातील मंडळांसाठी

बडोद्यातील एखाद्या मराठी मंडळाला व्याख्यान ठरवायचे असले की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिले नाव पुण्याचे निघते आणि दुसरे मुंबईचे. मग रेल्वेचे आरक्षण, पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय, स्थानकावर घ्यायला कोणी जायचे याची वाटणी असे सगळे सोपस्कार होतात आणि वर्षभराच्या निधीचा मोठा भाग एका संध्याकाळी संपतो. बाहेरचे वक्ते बोलावूच नयेत असे मला म्हणायचे नाही. परंतु दांडिया बाजारातून अर्ध्या तासात चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, तिथे रामायणाच्या पाठभेदांपासून मधुमेहींच्या आहारापर्यंत नाना विषयांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारी माणसे रोज वर्ग घेत असतात, आणि त्यांतील कितीतरी जणांना त्यांच्याच शहरातील एकाही मंडळाने कधी बोलावलेले नसते, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

ती खटकण्यामागे या शहराचा इतिहासही आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तके पेट्यांत भरून खेड्यापाड्यांत पाठवली जात, आणि जिथे वाचता येणारी माणसे थोडी होती तिथे पडद्यावर चित्रे दाखवून लोकांना माहिती दिली जाई. १८८१ चे बडोदा कॉलेज आणि १९४९ मध्ये हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाखाली उभे राहिलेले विद्यापीठ यांची मुळे याच भूमीत आहेत. परदेशातील अनेक विद्यापीठे जाहीर व्याख्यानांसाठी उपलब्ध असणाऱ्या आपल्या प्राध्यापकांची विषयवार यादी स्वतःच प्रसिद्ध करतात. आपल्याला ती यादी स्वतः तयार करावी लागते आणि प्रत्येक व्याख्यान नव्याने जुळवावे लागते. हे काम कसे करावे, ते आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेची जबाबदारी सांभाळताना मला जसे उमगले तसे पुढे लिहीत आहे.

आधी प्रश्न, मग नाव

बहुतेक मंडळे विषय ठरवतात. ‘पर्यावरण’, ‘आरोग्य’, ‘भारतीय संस्कृती’, ‘महिला सबलीकरण’ असे चार-पाच शब्द वर्षानुवर्षे फिरत असतात. आम्हीही तेच करीत होतो. एका वर्षी ‘पर्यावरण’ या विषयावर एका विद्वान गृहस्थांना बोलावले. त्यांनी तापमानवाढ, प्लॅस्टिक, ओझोन, वृक्षतोड अशा सगळ्या गोष्टींना दोन-दोन मिनिटे दिली आणि सर्वांनी झाडे लावावीत असे सांगून भाषण संपवले. त्यांचा खरा अभ्यास गोड्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींचा होता, हे मला चहाच्या वेळी कळले. सुरसागर तलावाच्या पाण्याचा रंग ऋतूप्रमाणे का बदलतो, हे त्यांनी चहा पिता पिता ज्या आवडीने समजावले, ते ऐकायला सभागृहात कोणीच नव्हते. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना मोठा विषय दिला होता, आणि मोठ्या विषयावर कोणताही तज्ज्ञ वर्तमानपत्रात छापून येते तेवढेच बोलू शकतो.

म्हणून पहिली पायरी अशी की, मंडळाच्या सभासदांना खरोखर पडलेले प्रश्न गोळा करावेत. बैठकीत कागद फिरवावा आणि प्रत्येकाने एक वाक्य लिहावे, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल. उदाहरण म्हणून विश्वामित्री नदी घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांमधून फिरताना सगळ्यांनी पाहिल्या, आणि त्यानंतर आमच्याकडे आलेल्या कागदांवर नदीविषयीचे प्रश्नच अधिक होते. शहराच्या ऐन मध्यातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात तरी कशा? पूर आला की त्या बाहेर का पडतात? पाऊस वरच्या भागात थांबल्यावरही शहरातले पाणी लवकर का उतरत नाही? पहिले दोन प्रश्न प्राणिशास्त्राचे आहेत. तिसरा प्रश्न नदीच्या वळणांचा, तिच्या काठच्या मातीचा आणि उताराचा म्हणजे भूशास्त्राचा किंवा भूगोलाचा आहे, आणि आजवा जलाशयातून पाणी केव्हा व किती सोडायचे हा मुद्दा त्यात आला की तो स्थापत्य अभियांत्रिकीचाही होतो. एकाच नदीच्या निमित्ताने तीन वेगळ्या विभागांची तीन माणसे समोर आली. ‘पर्यावरण’ या शब्दाने ती कधीच सापडली नसती.

प्रश्न जितका जवळचा, तितका तज्ज्ञ अधिक खोलात जातो, हा माझा अनुभव आहे. ‘जैन कला’ हा विषय देण्याऐवजी असे विचारावे : अकोट्यात १९५१ साली जमिनीखाली सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती कोणाच्या होत्या, त्या कोणत्या काळातल्या हे कशावरून ठरवले, आणि त्या मातीत पुरल्या का गेल्या? या मूर्तींचा पायाभूत अभ्यास बडोद्याचेच उमाकांत प्रेमानंद शाह यांनी केला, मूर्ती सयाजीबागेतील संग्रहालयात आहेत, आणि अकोटा आज शहराच्या पोटात आहे. श्रोत्यांपैकी निम्म्यांचे नातेवाईक तिथे राहत असतील. अशा प्रश्नावर मूर्तिशास्त्राचा अभ्यासक तासभर बोलला तर त्यातून जैन कला आपोआप समजते.

योग्य माणूस कसा शोधावा

विभागाच्या नावावर जाऊ नये. विद्यापीठात एकाच विभागातील दोन प्राध्यापकांचे अभ्यासक्षेत्र एकमेकांपासून इतके दूर असू शकते की, एकाच्या प्रश्नाला दुसरा प्रामाणिकपणे ‘हे माझे क्षेत्र नाही’ असेच म्हणेल. ललित कला विद्याशाखेचेच पाहा. १९५० मध्ये सुरू झालेल्या या विद्याशाखेत चित्रकार आहेत, शिल्पकार आहेत, कलेचा इतिहास शिकवणारे आहेत, आणि वस्तुसंग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे हा विषय घेतला, तर त्यांत काय चितारले आहे आणि का, हे कलेतिहासाचा प्राध्यापक सांगेल. भिंतीवर रंग टिकतो कसा आणि उडतो कशाने, हे जतनाचे काम जाणणारा सांगेल. आणि एवढ्या मोठ्या भिंतीवर रेषा ओढताना हाताचे काय होते, ते चित्रकारच सांगू शकेल. तीनही व्याख्याने चांगली होतील, पण ती तीन निरनिराळी व्याख्याने आहेत. इंदूरमध्ये जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे बडोद्याला आले आणि त्यांच्या हाताखाली इथे चित्रकारांची एक पिढी घडली, हा तर मराठी मंडळाने आवर्जून घ्यावा असा विषय आहे.

संस्कृतच्या बाबतीतही हाच भेद ध्यानात घ्यावा. काव्य किंवा व्याकरण समजून घ्यायचे असेल तर संस्कृत विभागाकडे जावे. हस्तलिखिते कशी वाचतात, शेकडो पोथ्यांतून एक संहिता कशी निश्चित करतात, हे ऐकायचे असेल तर प्राच्यविद्या मंदिराकडे वळावे, कारण वाल्मीकिरामायणाची ७ खंडांची चिकित्सक आवृत्ती तिथेच १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. पुरातत्त्व विभागाने उत्तर गुजरातेतील देवनीमोरी येथे १९६० च्या सुमारास केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप आणि त्यातील अस्थिमंजूषा मिळाली. ‘उत्खननात वस्तू सापडते म्हणजे नेमके काय घडते’ हा प्रश्न मनात असलेल्या मंडळाने त्या विभागाचे दार ठोठवावे. संगीताची आवड असलेल्यांना तर सांगायलाच नको. १८८६ साली गायक मौलाबक्ष यांनी सुरू केलेल्या गायनशाळेचा वारसा आजच्या मंचीय कला विद्याशाखेकडे आहे, आणि गाऊन दाखवत समजावणारा प्राध्यापक मिळाला की सभागृह आपोआप भरते. रेल्वे आणि वाहतूक यांविषयीच्या प्रश्नांसाठी लालबागेतील गतिशक्ती विश्वविद्यालयही आता शहरातच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे विशेषाभ्यासाचे क्षेत्र दिलेले असते. ते वाचून दोन-तीन नावे काढावीत. त्यानंतरची माहिती मात्र माणसांकडूनच मिळते. विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोणाचा तास आवडतो? ज्या प्राध्यापकाला विषयाचा गंधही नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना धरून ठेवता येते, त्याला आपले श्रोतेही धरून ठेवता येतील. शोधनिबंधांची संख्या, पुरस्कार, पदनाम यांवरून ही गोष्ट कळत नाही. शक्य असेल तर मंडळातील एकाने त्या व्यक्तीचे एखादे भाषण आधी ऐकून यावे. विद्यापीठातील चर्चासत्रांची उद्घाटने अनेकदा खुली असतात.

दोन प्रकारच्या माणसांकडे आपले नेहमी दुर्लक्ष होते. एक म्हणजे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे वेळ असतो, विषय मुरलेला असतो, आणि कोणी विचारावे अशी इच्छाही असते. दुसरे म्हणजे तरुण सहायक प्राध्यापक. मंडळाच्या पत्रिकेवर ‘माजी अधिष्ठाता’ असे काही छापता येत नाही म्हणून आपण त्यांना टाळतो, पण विषयातील ताजे काम तेच करीत असतात, आणि तयारीही कसून करतात. आमच्या मालेतील सर्वांत जास्त काळ लक्षात राहिलेले व्याख्यान नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेल्या एका प्राध्यापिकेचे होते.

भाषेचा प्रश्न

इथे बडोद्याची स्थिती पुण्यापेक्षा वेगळी आहे आणि तिचा मोकळेपणाने विचार करायला हवा. विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीतून चालते. प्राध्यापक गुजराती असतील, बंगाली असतील, मल्याळी असतील. वक्ता मराठीच हवा अशी अट घातली, तर मराठी विभाग आणि काही मोजकी नावे एवढ्यावरच आपली माला थांबेल आणि दोन वर्षांत तेच वक्ते पुन्हा येतील. माझे मत असे की, वक्त्याला ज्या भाषेत सहज बोलता येते त्या भाषेत, म्हणजे बहुधा हिंदीत किंवा गुजरातीत, त्याला बोलू द्यावे. बडोद्याच्या मराठी घरांत या दोन्ही भाषा परक्या नाहीत. मराठीची जबाबदारी मंडळाने स्वतःकडे घ्यावी. प्रास्ताविक मराठीत करावे, व्याख्यानातील दहा-बारा पारिभाषिक शब्दांचे मराठी अर्थ एका पानावर छापून श्रोत्यांना द्यावेत, मराठीत विचारलेले प्रश्न निवेदकाने वक्त्याला समजावून सांगावेत, आणि शेवटी पाच मिनिटांत सारांश मराठीत मांडावा. ही शब्दांची यादी वक्त्याकडूनच आठवडाभर आधी मागून घ्यावी. तिचे मराठी प्रतिशब्द शोधण्यासाठी मराठी विभागातील विद्यार्थी आनंदाने मदत करतात.

मराठीतूनच व्हायला हवीत अशी काही व्याख्याने मात्र आहेत. बडोदे संस्थानाच्या मोडी दफ्तराविषयी किंवा इथल्या मराठी भाषेवर झालेल्या गुजरातीच्या परिणामाविषयी मराठीतून बोलणारा माणूस मिळेपर्यंत थांबावे.

पत्र कसे लिहावे

पहिला संपर्क पत्राने किंवा ई-मेलने करावा आणि चार दिवसांनी दूरध्वनी करावा. थेट दूरध्वनी केला की समोरचा माणूस संकोचाने होकार देतो आणि नंतर अडचणीत येतो. पत्र थेट त्या प्राध्यापकांना लिहावे. केवळ व्याख्यानासाठी कुलगुरूंच्या कार्यालयातून जाण्याची गरज नसते. विद्यापीठाचे सभागृह हवे असेल तर मात्र त्यासाठी वेगळा अर्ज रीतसर करावा लागतो. प्राध्यापक मराठी नसतील तर हाच मजकूर इंग्रजीत किंवा गुजरातीत लिहावा. आम्ही वापरतो तो नमुना असा :

‘आदरणीय डॉ. … यांस सप्रेम नमस्कार. आमचे मंडळ दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी एक जाहीर व्याख्यान आयोजित करते. साधारण ८० श्रोते येतात. त्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, गृहिणी आणि काही महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेले जवळपास कोणी नसते. अकोट्याच्या कांस्यमूर्ती संग्रहालयात पाहिल्यावर आमच्या सभासदांना पुढील तीन प्रश्न पडले : त्या कोणी घडवल्या असतील, त्यांचा काळ कशावरून ठरवला, आणि त्या पुरल्या का गेल्या. आपला अभ्यास याच क्षेत्रातील असल्याने या प्रश्नांवर आपण बोलावे अशी विनंती आहे. व्याख्यान ४५ मिनिटे आणि त्यानंतर ३० मिनिटे प्रश्नोत्तरे अशी योजना आहे. हिंदी, गुजराती किंवा मराठी यांपैकी आपल्याला सोयीची भाषा चालेल. सभागृहात प्रोजेक्टर आहे. मानधन रुपये … असून ने-आण करण्याची व्यवस्था मंडळ करील. जानेवारी किंवा फेब्रुवारी यांपैकी कोणत्या महिन्याचा तिसरा शनिवार आपल्याला सोयीचा आहे ते कळवावे. हा विषय आपल्या अभ्यासाचा नसेल तर योग्य व्यक्तीचे नाव सुचवल्यास आम्ही आपले आभारी राहू.’

यातील शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. आमच्या यादीतील कितीतरी चांगली नावे आम्हाला नकाराच्या उत्तरांतून मिळाली आहेत. श्रोत्यांचे वर्णनही तितकेच महत्त्वाचे आहे. समोर कोण बसणार आहे हे माहीत नसलेला प्राध्यापक एक तर परिषदेसाठी केलेला निबंध वाचतो किंवा शाळकरी मुलांना सांगावे तसे बोलतो, आणि दोन्ही वेळा श्रोत्यांचा अपमान झाल्यासारखा होतो.

मानधनाचा आकडा पत्रातच लिहावा. ‘यथाशक्ती’ हा शब्द ऐकायला नम्र वाटतो, पण तो समोरच्याला अवघडून टाकतो. मंडळाकडे पैसे नसतील तर तेही स्पष्ट लिहावे. अनेक प्राध्यापक मानधनाशिवाय येतात, परंतु ते त्यांनी स्वतः ठरवलेले असले पाहिजे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ यांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात चांगला कॉलर माइक भाड्याने मिळतो. निवड करायची वेळ आली तर मी माइक घेईन. प्राध्यापकांना विभागप्रमुखांची परवानगी घ्यावी लागत असेल तर त्यासाठी मंडळाच्या लेटरहेडवर वेगळे औपचारिक पत्र तत्परतेने द्यावे.

तारीख

सत्रपरीक्षांचे दिवस, म्हणजे साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे आणि मार्च-एप्रिल, टाळावेत. नवरात्रात बडोद्यात गरब्याशिवाय कशालाही माणसे येत नाहीत, आणि १४ व १५ जानेवारीला सगळे गाव पतंग घेऊन गच्चीवर असते. गणेशोत्सवात श्रोते मिळतात, पण आरती आणि ध्वनिवर्धक यांच्या गोंगाटात गंभीर विषय टिकत नाही. डिसेंबर, जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे उत्तम महिने आहेत. पावसाळ्यात ठरवलेच तर नदीपलीकडच्या सभासदांना परत जाता येईल याचा विचार करून ठिकाण निवडावे.

व्याख्यानापूर्वीची भेट

व्याख्यानाच्या आठ-दहा दिवस आधी मंडळातील दोघांनी वक्त्याला त्यांच्या विभागात जाऊन भेटावे. या अर्ध्या तासाच्या भेटीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. जाताना सभासदांनी लिहिलेले प्रश्न मूळ कागदांसह न्यावेत. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेले खरे प्रश्न पाहून तज्ज्ञ माणूस खुलतो, आणि काय सांगायचे व काय सोडून द्यायचे हे त्याचे त्यालाच कळते. त्याच वेळी काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. वक्ता किती चित्रे दाखवणार, त्यासाठी अंधार लागेल का, ध्वनिमुद्रण चालेल का, आणि अद्याप प्रसिद्ध न झालेले संशोधन ते दाखवणार असतील तर पडद्याचे छायाचित्र न घेण्याची सूचना द्यायची का, हे विचारावे. मूर्ती किंवा चित्रे दाखवायची असतील आणि सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नसतील, तर व्याख्यान सूर्यास्तानंतरच ठेवावे. आमच्या एका वक्त्याने मेहनतीने जमवलेली लघुचित्रे मावळतीच्या उजेडात कोणालाच दिसली नव्हती, आणि मला त्याचे अजून वाईट वाटते.

सादरीकरण पीडीएफ स्वरूपातही मागून घ्यावे, कारण दुसऱ्याच्या संगणकावर देवनागरी आणि गुजराती अक्षरे हमखास मोडतात. ते आदल्या दिवशी प्रत्यक्ष सभागृहातील प्रोजेक्टरवर लावून पाहावे आणि शेवटच्या रांगेत बसून वाचता येते का ते तपासावे. माइकची चाचणीही शेवटच्या रांगेतूनच घ्यावी.

व्याख्यानाचे शीर्षक वक्त्याच्या संमतीने ठरवावे आणि त्यात मूळ प्रश्न दिसावा. ‘अकोट्याच्या मूर्ती मातीखाली का गेल्या?’ हे शीर्षक ‘पश्चिम भारतातील जैन कांस्यशिल्पे : एक दृष्टिक्षेप’ या शीर्षकापेक्षा अधिक माणसे आणते, आणि वक्त्यालाही विषयावर ठेवते.

प्रत्यक्ष कार्यक्रम

वक्त्याचा परिचय दोन मिनिटांत संपवावा. संपूर्ण कारकिर्दीचा तपशील वाचून दाखवण्याची आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही; त्याने वक्ता संकोचतो आणि श्रोते थकतात. हा माणूस कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करतो, किती वर्षे करतो, आणि आज आपल्यासाठी कशाचे उत्तर देणार आहे, एवढे पुरे. अध्यक्षीय भाषण ठेवूच नये. ठेवावेच लागले तर ते व्याख्यानापूर्वी ठेवावे, म्हणजे वक्त्याच्या वेळेवर त्याचा भार पडणार नाही. घड्याळ वक्त्याला दिसेल अशा जागी असावे, आणि ४० मिनिटे झाली की निवेदकाने ठरल्याप्रमाणे खूण करावी.

प्रश्नोत्तरांसाठी चिठ्ठ्या द्याव्यात. हातात माइक आला की काही श्रोते प्रश्नाऐवजी स्वतःचे भाषण करतात, आणि जे लाजरे आहेत, विशेषतः मुली आणि विद्यार्थी, ते गप्पच राहतात. चिठ्ठ्यांमुळे हे दोन्ही टळते आणि निवेदकाला सारखे प्रश्न एकत्र करता येतात. आहार, औषधे, मधुमेह असे विषय असतील तर सुरुवातीलाच सांगावे की वैयक्तिक आजाराविषयीचे प्रश्न घेतले जाणार नाहीत. आहारशास्त्राच्या एका प्राध्यापिकांना आमच्याकडे व्याख्यानानंतर पाऊण तास लोक आपापले तपासणी अहवाल दाखवत होते. त्या कोणालाही तोडून बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी येण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला.

उत्तर माहीत नसेल तर ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणणारा तज्ज्ञ खरा तज्ज्ञ असतो. असे उत्तर आले की श्रोत्यांमध्ये चुळबुळ होते. तेव्हा निवेदकाने तो प्रश्न लिहून घ्यावा आणि तसे जाहीर सांगावे. पुढच्या व्याख्यानाचा वक्ता पुष्कळदा त्याच प्रश्नातून सापडतो.

व्याख्यानानंतर : यादी जपणे

दोन दिवसांच्या आत आभाराचे पत्र पाठवावे आणि त्यात श्रोत्यांना कोणता भाग सर्वाधिक भावला ते नेमके लिहावे. त्यासोबत न विचारले गेलेले प्रश्नही पाठवावेत. काही प्राध्यापक त्यांची लेखी उत्तरे पाठवतात, ती मंडळाच्या वार्षिक अंकात छापता येतात.

यानंतरचे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते कोणी करीत नाही, आणि कार्यकारिणी बदलली की नव्या लोकांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. एक वही किंवा संगणकावरील तक्ता कायमस्वरूपी ठेवावा. त्यात प्राध्यापकांचे नाव आणि विभाग, त्यांच्या अभ्यासाचे नेमके क्षेत्र, ते कोणत्या प्रश्नांवर बोलायला तयार आहेत, कोणत्या भाषांत सहज बोलतात, कोणते वार व वेळा त्यांना जमतात, काय साहित्य लागते, आमच्याकडे केव्हा बोलले, आणि त्यांनी कोणाचे नाव सुचवले, एवढे लिहावे. ‘वक्ता कसा होता’ हा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही, कारण अशी वही हातोहात फिरते आणि एका वाईट संध्याकाळचा शेरा माणसाला कायमचा चिकटतो. दूरध्वनी क्रमांक संबंधितांना विचारूनच नोंदवावा, आणि यादीची प्रत दुसऱ्या मंडळाला देताना तो वगळावा. त्या मंडळाने विभागाच्या पत्त्यावर रीतसर पत्र पाठवावे.

यादी दर वर्षी जुलैमध्ये, नवे सत्र मार्गी लागल्यावर, एकदा पडताळून पाहावी. कोणी निवृत्त झालेले असते, कोणी बदललेले असते, कोणी नवीन रुजू झालेले असते. शहरातील तीन-चार मंडळांनी आपापल्या याद्या एकत्र आणल्या, तर एकाच प्राध्यापकाला एका महिन्यात तीन निमंत्रणे आणि दुसऱ्याला वर्षभर एकही नाही, ही स्थिती बदलते. आम्ही गेल्या वर्षी शेजारच्या एका गुजराती वाचनालयाशी अशी देवाणघेवाण सुरू केली. त्यांच्या यादीत भूशास्त्राचे एक प्राध्यापक होते, जे कच्छमधील जीवाश्मांवर काम करतात आणि घरी मराठी बोलतात. ते आमच्या मंडळापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, हे आम्हाला त्या वाचनालयाकडून कळले. येत्या फेब्रुवारीतील तिसऱ्या शनिवारी ते कच्छमधले दगड सोबत घेऊन येणार आहेत.